पोळ्याच्या पाठचं ओव्हल



२४ ऑगस्ट १९७१ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर अजित वाडेकरच्या संघानं इंग्लंडला चार गडी राखून हरवलं. इंग्लंडच्या भूमीवरचा तो आपला पहिला कसोटी विजय, आणि मालिकाही त्याच दिवशी आपली झाली. ही तारीख पुस्तकातली. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, खामगावला, मेहकरला नाहीतर जळगाव जामोदला, सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या क्रिकेटवेड्याला विचारून पाहा. तो तारखेच्या भानगडीत पडायचा नाही. "पोयाच्या पाठच्या गनपतीत जितलो नं आपन," असं म्हणेल, आणि ते अगदी बिनचूक असतं.

पंचांग लावून बघा. सामना गुरुवारी, १९ ऑगस्टला सुरू झाला. त्या दिवशी आपल्याकडं बैलांची खांदशेकणी. मानेला हळद-लोणी लागत होतं, उद्याचं आवतण दिलं जात होतं, आणि तिकडं इंग्लंडच्या ३५५ धावा झाल्या. यष्टिरक्षक ॲलन नॉटनं नव्वद काढल्या. शुक्रवारी पोळा, आणि लंडनमध्ये असा पाऊस की दिवसभरात एक चेंडू पडला नाही. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा आपला नेम इंग्लंडच्या पावसानंही पाळला म्हणायचा! शनिवारी कर. त्या दिवशी आपले पाच गडी सव्वाशेत गेले, मग फारुख इंजिनियर आणि एकनाथ सोलकर यांनी ९७ धावांची भागी करून डाव सावरला. रविवारी त्या काळात विश्रांतीचा दिवस असायचा. सोमवारी हरतालिका, मंगळवारी गणेश चतुर्थी. असा हा सामना वऱ्हाडातल्या सणांच्या ओळीत नेमका बसला होता. म्हणून तो इथल्या माणसाच्या डोक्यातून जात नाही, असं माझं मत आहे. नुसता विजय असता तर इतका टिकला नसता. त्याच वर्षी मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला आपण वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं. गावसकर नावाच्या पोरानं तिथं पदार्पण केलं, सरदेसाईनं शतक ठोकलं. तोलामोलाचाच विजय तो, पण आमच्या गावांत त्याची आठवण काढणारे कमी. तेव्हा खेळ रात्रीतून चालायचा.

दूरदर्शन तेव्हा फक्त दिल्लीत होतं. मुंबईला ते १९७२ मध्ये आलं, आपल्याकडं तर कितीतरी नंतर. तेव्हा ओव्हल आपल्यापर्यंत आलं ते कानांवाटे. रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागायचा, आणि गावात रेडिओ असलेली घरं सांगता यायची. लघुलहरींवर इंग्रजी समालोचन लागायचं. आवाज भरतीसारखा चढायचा आणि नेमका चेंडू पडताना ओसरायचा. खेळ आपल्या घड्याळानं दुपारी चारला सुरू व्हायचा तो रात्री अकरापर्यंत. डवरणी-निंदणीहून परतलेली माणसं हातपाय धुऊन ओट्यावर टेकायची. भाषा कुणाला कळत होती? जमावाचा गलका उठला की गडी गेला, एवढं ओळखता यायचं. तो कुणाचा, हे इंग्रजी कळणारा एखादा मास्तर नाहीतर मॅट्रिक झालेला पोरगा सांगणार. तो स्वतःची भर घालूनच सांगायचा, कारण ऐकणारा प्रत्येक जण त्याच्या तोंडाकडं बघत असायचा. त्यामुळं प्रत्येक गावाचं ओव्हल थोडं निराळं झालं.

हरतालिकेचा सोमवार हा खरा दिवस. आपला डाव २८४ वर संपला, इंग्लंडला ७१ धावांची आघाडी मिळाली. मग भागवत चंद्रशेखरच्या हाती चेंडू आला. लहानपणी पोलिओनं वाळलेला त्याचा उजवा हात, आणि त्याच हातानं टाकलेली ती झपाट्याची फिरकी. आधी नशिबानं हात दिला. लकहर्स्टनं सरळ फटका मारला, चेंडू चंद्राच्या हाताला लागून यष्ट्यांवर गेला आणि पलीकडं क्रीजबाहेर आलेला जेमसन धावबाद झाला. मग एड्रिचचा त्रिफळा, पुढच्याच चेंडूवर फ्लेचर सोलकरच्या हातात. एड्रिचच्या वेळी दिलीप सरदेसाईनं चंद्राला सांगितलं होतं, याला 'मिल रीफ' टाक. मिल रीफ हा त्या साली इंग्लंडची डर्बी जिंकलेला घोडा. म्हणजे सुसाट चेंडू टाक.

आता गंमत बघा. हा किस्सा पुढं मुलाखतींतून आणि आठवणींतून बाहेर आला. मैदानातल्या दोघांचं बोलणं रेडिओवर कसं येणार? तरी ते आम्ही रेडिओवर ऐकलं, असं छातीठोक सांगणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांना मी खोटं पाडत नाही. सोलकरनं वेंकटराघवनच्या गोलंदाजीवर नॉटचा झेल घेतला, तो फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या पायापाशी, जमिनीला समांतर झेप घेऊन. त्याचं छायाचित्र पुढं गाजलं. बहुतेकांनी तो झेल रेडिओवर ऐकला, फोटोत पाहिला, आणि आता प्रत्यक्ष पाहिल्यासारखा हात लांबवून दाखवतात.

इंग्लंडचा डाव १०१ वर आटोपला. चंद्रशेखर ३८ धावांत सहा बळी. त्याआधी इंग्लंड सलग २६ कसोट्या हरलेलं नव्हतं. आपल्याला हव्या होत्या १७३. गावसकर शून्यावर गेला, पण रात्री अकराला रेडिओ बंद झाला तेव्हा दोन बाद ७६ होत्या. घरोघर बायांचं जागरण चालूच होतं, झिम्मा-फुगड्या आणि गाणी. त्या रात्री "बंद करा तो डबा" असं म्हणायला कुणाला सवड नव्हती.

मंगळवारी घरात गणपती बसले. तिकडं ओव्हलवरही चतुर्थी म्हणून आपल्या प्रेक्षकांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातली बेला नावाची हत्तीण आणली होती. खेळ सुरू होताच वाडेकर धावबाद झाला, आदल्या दिवशीच्या ४५ वरच. सरदेसाई आणि विश्वनाथ एकेक धाव वेचत राहिले. तिकडं कर्णधार ड्रेसिंग रूममध्ये चक्क झोपी गेला. इंग्लंडचा जुना फलंदाज केन बॅरिंग्टन यानं त्याला उठवून जिंकल्याचं सांगितलं. तीन धावा उरल्या असताना विश्वनाथ गेला, आबिद अलीनं येऊन चौकार मारला. आपल्याकडं तेव्हा दिवेलागण होत होती.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. शेगावला गजानन महाराजांचा समाधी दिन. जिल्ह्यातून दिंड्या पायी निघालेल्या असतात, शेगावच्या स्टेशनात गाड्या भरून उतरतात. त्या साली त्या गर्दीत बातमी माणसामाणसांतून पसरली. पारायण आटोपून वर्तमानपत्राभोवती उभी असलेली माणसं मला आजही आठवतात. मी तेव्हा शाळकरी होतो, आणि माझं लक्ष खरं तर प्रसादाच्या पंगतीकडं होतं.

या आठवणीत काय काय गाळलं जातं, हेही सांगायला हवं. त्याच मालिकेत आधी लॉर्ड्सवर १८३ हव्या असताना आपण आठ बाद १४५ वर होतो आणि पाऊस आला. तो सामना जिंकलोही असतो, हरलोही असतो. मँचेस्टरला मात्र ४२० चं लक्ष्य, तीन बाद ६५, आणि शेवटचा दिवस पावसानं धुतला. तिथं आपण वाचलो. पाऊस नसता तर कदाचित मालिका आपली नसती. ही गोष्ट ओट्यावर काढली की माणसं नाराज होतात. त्याहून नाराज होतात १९७४ चं नाव काढलं की. तीनच वर्षांनी लॉर्ड्सवर आपला डाव ४२ धावांत गडगडला आणि मालिका तीन-शून्यानं गेली. आपल्या जिल्ह्याला मध्य प्रदेशची हद्द लागते, इंदूर काही परदेश नाही. तिथं १९७१ च्या विजयाची खूण म्हणून काँक्रीटची भली मोठी बॅट उभारली होती, विजय बल्ला. ७४ नंतर लोकांनी तिला काळं फासलं. मुंबईत वाडेकरच्या घरावर दगड आले. ज्यांनी ७१ ला मिरवणूक काढली, त्यांतलेच काही ७४ ला दगड उचलणारे असणार. मला ही बाजू लपवून ठेवावीशी वाटत नाही. वाडेकर त्यानंतर कसोटी खेळला नाही. २०१८ च्या १५ ऑगस्टला तो गेला. सोलकर आणि सरदेसाई त्याच्याही आधी गेले.

आणखी एक बोच आहे, वऱ्हाडी माणसाची. ओव्हलच्या त्या अकरांत सहा जण मुंबईचे होते. आपल्या विदर्भाचा एकही नव्हता, आणि पुढंही चार दशकं कसोटीत कुणी दिसला नाही. २०११ मध्ये उमेश यादव आला. नागपूरजवळच्या कोळसा खाणीच्या वस्तीतला, खाण कामगाराचा मुलगा. २०२१ मध्ये भारत पुन्हा ओव्हलवर खेळला. पहिल्याच संध्याकाळी उमेशनं जो रूटचा त्रिफळा उडवला, दोन्ही डावांत तीन-तीन बळी घेतले, आणि अँडरसनचा शेवटचा बळीही त्याचाच. आपण १५७ धावांनी जिंकलो. १९७१ नंतर ओव्हलवरचा हाच पहिला कसोटी विजय. तो दिवस ६ सप्टेंबर, सोमवार. पोळा होता! करोनामुळं बैल गावातून मिरवले नाहीत, गोठ्यातच पूजा झाली, आणि पोरं मोबाइलवर सामना बघत होती.

खेळ म्हणून बघितलं तर २०२१ चा संघ सरस होता, हे मी आता कुणाशीही वाद घालून सांगतो. बुमराचा तो जुन्या चेंडूचा मारा १९७१ मध्ये आपल्याकडं कुठून येणार होता? आपल्याकडं नवा चेंडू घासून जुना करायला सोलकर आणि आबिद अली होते, एवढंच. हे बोललो की म्हातारे ऐकून घेतात. मान हलवतात. मग त्यांतला एखादा उमेशचं कौतुक मनापासून करतो, आपल्याकडचा गडी म्हणतो, आणि लगेच विचारतो, "पन सोलकरचा झेल?" आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.