लोक गेलेत की!

आज सह्याद्री सोडून जरा लांब जाऊया. गुलमर्गला.

आपण सह्याद्रीत वाट चुकलो की काय शोधतो? मळलेली वाट. कुणीतरी आधी गेलंय, म्हणजे वाट बरोबर. हीच सवय घेऊन मी अफरवतवर स्कीइंगला गेलो. दोन दिवस बर्फ पडून नुकतंच उघडलं होतं. आकाश निळंशार. समोरच्या उतारावर चार-पाच जणांच्या स्कीच्या रेघा. मी म्हटलं, "भाईसाब, लोक गेलेत की! चला."

गाईड काही बोलला नाही. शेजारच्या छोट्या, सुरक्षित उतारावर त्याने खड्डा खणला आणि मला बर्फाची भिंत दाखवली. वर नव्या बर्फाचा घट्ट थर, अगदी घराच्या स्लॅबसारखा. त्याखाली बोटाने उकरलं तर साखरेसारखे सुटे दाणे. कोरड्या थंडीत जुन्या बर्फात असे दाणे तयार होतात आणि ते एकमेकांना धरून राहत नाहीत.

मग त्याने बर्फाचा एक खांब मोकळा केला, वर फावडं ठेवलं आणि हाताने थापट्या मारायला लागला. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा, अशी ही चाचणी असते. कोपरातून तिसरी थापटी बसली आणि वरचा थर ड्रॉवरसारखा बाहेर सरकला.

गाईड एवढंच म्हणाला, "चौघं गेले, म्हणून पाचवा जाईलच असं नाही."

हिमस्खलन म्हणजे वरून कोसळणारं संकट, असं आपल्याला वाटतं. पण बहुतेक जीवघेण्या घटनांमध्ये तो थर अडकलेला माणूस किंवा त्याचाच सोबती मोडतो. ३० ते ४५ अंशांचे उतार सगळ्यात धोक्याचे, आणि स्की करायला मजाही तिथेच! १ फेब्रुवारी २०२३ ला याच अफरवतवर दोन पोलिश स्कीअर गेले.

तेव्हा जाणार असाल तर लक्षात ठेवा. स्थानिक गाईड घ्या आणि त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा बघा. उताराचा कोन मोबाईलवरही मोजता येतो. पायाखाली 'धप्प' असा आवाज आला, तर मागे फिरा. बीकन, प्रोब आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, कारण गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत काढलं तर वाचायची आशा खूप असते. अर्ध्या तासाने फार थोडी. बाहेरून मदत येईपर्यंत तेवढा वेळ उरतच नाही. शोधायचं तुम्हालाच.

आम्ही परत फिरलो. आणि खरं सांगतो, त्या दिवशी तो उतार कोसळला नाही. माझा मित्र अजून म्हणतो, "उगाच पैसे फुकट घालवलेस." त्याला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. मी फक्त एवढंच म्हणतो, की हे बोलायला आपण दोघंही आहोत.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!