मुंबईला पहिल्यांदा जाताना
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला होता 'बँकेतील माझे अनुभव'. तो मी नम्रपणे परत केला. ते अनुभव जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी आणि गणपतीच्या मांडवात तुम्ही पंचवीस वर्षं ऐकताय. त्याऐवजी कामाचं बोलतो. आपल्या सोसायटीतून दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी पहिल्यांदा मुंबईला निघतं. कुणी परीक्षेला, कुणी इंटरव्ह्यूला, कुणी व्हिसाच्या कामाला. आणि काही जण रिपोर्टची फाईल घेऊन, कुणाला न सांगता.

या शेवटच्या मंडळींसाठी मी आज उभा आहे. मागच्या वर्षी आपल्याच इमारतीतलं एक जोडपं असं गेलं. नावं सांगत नाही, त्यांनी बोलायची परवानगी दिली आहे एवढं पुरे. रात्रीच्या गाडीने गेले, सकाळी मुंबईत उतरले, रुग्णालयापर्यंत पोचले. तिथे कळलं की तपासणीच्या काही गोष्टी सांगलीच्या लॅबमध्येच राहिल्यात. राहायची सोय केलेली नव्हती. लॉजचे दर ऐकून पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी दोघं परत आले आणि पुढचे तीन आठवडे गेलेच नाहीत. त्या आजारात तीन आठवडे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. उपचार नंतर सुरू झाले, आता वहिनींची तब्येत बरी आहे. पण आमच्या मजल्यावरच्या चार घरांचे नातेवाईक मुंबईत आहेत, आणि आम्हाला पत्ताच नाही!

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे मुंबईला जाण्याची तयारी म्हणजे काय करतात? घाबरवतात. "पाकीट सांभाळ, कुणाशी बोलू नकोस, लोकलमध्ये चढूच नकोस." मी १९७८ साली बदली होऊन निघालो तेव्हा मलाही याच तीन सूचना मिळाल्या होत्या. त्यातली पहिली बरोबर, दुसरी साफ चूक आणि तिसरी अर्धी चूक.

पहिली तयारी म्हणजे पत्ता. आपल्या सांगलीत 'मारुती चौकाजवळ' म्हटलं की माणूस पोचतो. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड मिळून लोकसंख्या पाच लाख, मुंबईची एक कोटी चोवीस लाख. तिथे पत्त्याला तीन गोष्टी लागतात: स्टेशन कुठलं, पूर्व की पश्चिम, आणि जवळची खूण काय. पूर्व-पश्चिम हे तर मुंबईचं व्याकरण आहे. रुळाच्या चुकीच्या बाजूला उतरलात तर पूल चढा, उतरा, आणि सामान असेल तर विचारूच नका. पत्त्यात पूर्व-पश्चिम लिहिलेलं नसेल तर पिनकोड बघा. दादर पश्चिम ४०००२८, दादर पूर्व ४०००१४, परळ ४०००१२. जुने मुंबईकर नुसतं 'मुंबई-२८' म्हणायचे. ड्राफ्ट आणि रजिस्टर पत्रं यांच्यात आयुष्य गेल्यामुळे मला अजून चेहरे आठवत नाहीत पण पिनकोड आठवतात, असं आमच्या सौ. म्हणतात.

नावांचाही घोळ असतो. वडीलधारी मंडळी अजून 'व्हीटी' म्हणतात. त्याचं १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं. पाटीवर आणि मोबाईलवर 'सीएसएमटी' दिसेल. एल्फिन्स्टन रोड २०१८ पासून प्रभादेवी आहे. मामांनी सांगितलेलं स्टेशन नकाशात सापडत नाही तेव्हा मामा चुकलेले नसतात, स्टेशनचं बारसं झालेलं असतं. आणि हे प्रभादेवी पश्चिम रेल्वेवर, परळ मध्य रेल्वेवर, पण दोन्ही एकमेकांना खेटून, मध्ये पादचारी पूल. हे माहीत नसलेला माणूस दादरला जाऊन गाडी बदलत बसतो.

आता लोकल. चढूच नका असं मी म्हणणार नाही, कारण तिच्याशिवाय मुंबईत वेळेवर पोचणं कठीण. पण कधी चढायचं ते ठरवा. सकाळी साधारण आठ ते अकरा लोंढा दक्षिणेकडे, म्हणजे सीएसएमटी आणि चर्चगेटकडे जातो. संध्याकाळी तोच उलटा येतो. आपण लोंढ्याच्या उलट जात असू तर बसायला जागासुद्धा मिळते. आपली महालक्ष्मी सकाळी मुंबईत पोचते, म्हणजे नेमक्या गर्दीच्या तोंडावर. हातात बॅगा आणि बरोबर पेशंट असेल तर त्या वेळी लोकलचा विचार करू नका. परळला जायचं असेल तर दादरला उतरा, पूर्वेला बाहेर पडा, मीटरची टॅक्सी करा. तिथे रिक्षा शोधत उभे राहू नका, मिळणार नाही. पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि मध्य बाजूला सायनपर्यंतच रिक्षा येते, त्याच्या दक्षिणेला फक्त टॅक्सी आणि बस.

इंडिकेटर वाचायला शिका. त्यावर गाडी कुठे जाणार, धीमी की जलद, किती डब्यांची आणि किती वाजता, एवढं सगळं असतं. जलद गाडी करी रोड, चिंचपोकळीला थांबत नाही. तिथे जायचं असून समोर आली म्हणून जलद पकडलीत तर स्टेशन खिडकीतून बघायला मिळेल. दादरला आणखी एक गंमत. पूर्वी तिथे दोन 'एक नंबर' असायचे, पश्चिम रेल्वेचा वेगळा आणि मध्य रेल्वेचा वेगळा. "मी एक नंबरवर उभा आहे" असं दोघं फोनवर सांगतात आणि दोघं वेगळ्या ठिकाणी! डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ असे सलग आकडे झालेत. जुन्या माणसाने सांगितलेला प्लॅटफॉर्म नंबर म्हणून प्रमाण मानू नका.

फर्स्ट क्लासच्या डब्यात सेकंडचं तिकीट घेऊन चढाल तर दंड होतो, आणि घाईत डबे सारखेच दिसतात. बायकांचे डबे वेगळे असतात. नवऱ्याने बायकोला त्यात बसवून स्वतः शेजारच्या डब्यात चढायचं असेल तर उतरायचं स्टेशन आणि उतरल्यावर कुठे भेटायचं हे आधी ठरवा. आपलं स्टेशन यायच्या एक-दोन स्टेशनं आधी दाराकडे सरका. "पुढचं कुठलं?" हे विचारायला लाजू नका. आणि गाडी चुकली तर चुकली. धावत्या गाडीचा दांडा धरायला जाऊ नका, दुसरी काही मिनिटांत येते. हे तरुण मुलांना मी जास्त जोर देऊन सांगतोय, ऐकताय ना, शेवटची रांग?

परीक्षेला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. स्पर्धा परीक्षा बहुधा रविवारी असतात, आणि दुरुस्तीसाठी मेगाब्लॉकही रविवारीच असतो. शनिवारच्या पेपरात कुठल्या मार्गावर किती ते किती ते छापून येतं. शक्य असेल तर आदल्या दिवशी जाऊन केंद्र बघून या. मुंबईत कुणी अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही, मिनिटांत सांगतं. "दहा मिनिटं" म्हणजे मुंबईकराच्या चालीने दहा मिनिटं. आपण पंधरा धरावीत, माझ्या वयाच्यांनी वीस.

पावसाळ्यात शक्यतो टाळा. आपण २००५ आणि २०१९ चा पूर बघितलेली माणसं आहोत. पण आपल्याकडे आयर्विन पुलाखाली किती फूट झालं हे विचारत विचारत सामान माळ्यावर चढवायला वेळ मिळतो. मुंबईत पाणी डोक्यावरून येतं आणि त्यात भरती असली की जायला वाट राहत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. जोराचा पाऊस सुरू झाला तर आहात तिथेच थांबा.

पैशांबद्दल बँकवाल्याने न बोलणं बरं दिसणार नाही. सगळे एका ठिकाणी ठेवू नका. वरखर्चाचे वेगळ्या खिशात, बाकीचे आत. मोबाईलवर पैसे देता येतात हे खरं, पण बॅटरी संपली की तुमचं खातं असून नसल्यासारखं. म्हणून थोडी रोकड, आणि दोन-तीन फोन नंबर कागदावर, पेनाने लिहून. रेल्वेत अडचण आली तर १३९, इतरत्र ११२.

आणि ती दुसरी सूचना, कुणाशी बोलू नका. ही आधी पुसून टाका. मुंबईचा माणूस गोड बोलत नाही, थांबत नाही, तुमच्याकडे नीट बघतसुद्धा नाही. पण रस्ता विचारलात तर चालता चालता अर्ध्या वाक्यात बरोबर सांगतो. पानवाला, पोलीस, दुकानदार यांना विचारा. मी तिथे सहा वर्षं काढली. आपुलकीने जवळ येऊन, न विचारता मदत करायला निघालेल्या माणसापासून मात्र दोन हात लांब राहा.

आता आजारपणासाठी जाणाऱ्यांबद्दल. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे आणि देशभरातून माणसं तिथे येतात. अशा ठिकाणी जाताना नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. बायोप्सी झाली असेल तर तिच्या काचपट्ट्या आणि ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, स्कॅनच्या फिल्म किंवा सीडी घ्या, आधार आणि रेशनकार्ड मूळ प्रतींसह, आणि झेरॉक्सचे दोन संच. राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. तिथे जागा आणि नियम काय हे निघण्याआधी फोन करून विचारा. एका फेरीत काम होईल असं धरू नका. चार-पाच दिवसांचे कपडे आणि नेहमीची औषधं बरोबर असू द्या. बरोबर तिसरा माणूस मिळाला तर उत्तम, एकाने रांगेत उभं राहायचं आणि एकाने पेशंटजवळ बसायचं.

हा तिसरा माणूस आपण सोसायटी म्हणून देऊ शकतो, असं मला वाटतं. म्हणून समितीच्या परवानगीने मी एक वही सुरू केली आहे. कुणाचा मुलगा ठाण्यात, कुणाची बहीण मुलुंडला, कुणाचा भाचा परळला, हे त्यात लिहायचं. कोण स्टेशनवर घ्यायला येऊ शकतो, कोण एक रात्र ठेवून घेऊ शकतो, कोण फक्त फोनवर सांगू शकतो, असे तीन रकाने पाडले आहेत. अर्थातच त्यांना विचारूनच नाव लिहा. परस्पर दुसऱ्याच्या घरी पाहुणे पाठवले तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ज्याला जायचं आहे त्याने कारण सांगायची गरज नाही. वही बघायची, फोन करायचा.

आतापर्यंत अकरा नोंदी झाल्या आहेत. आज जेवणाच्या आधी आणखी व्हाव्यात अशी इच्छा आहे. वही ऑफिसात टेबलाच्या वरच्या खणात आहे आणि तिला पेन दोरीने बांधलेलं आहे. बँकेची सवय, दुसरं काय!