दोघांनी झोपायचे, दोघांनी जागायचे

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



लहानपणीच आई किंवा बाप गेलेल्या भावंडांविषयी आज दोन शब्द बोलायचे आहेत. असे एखादे घर प्रत्येक वस्तीत असते. जलदान विधीला सगळे जमतात, चार दिवस शेजारचा डबा येतो, मग जो तो आपल्या कामाला लागतो. त्यानंतर त्या घरात पोरंच पोरांना सांभाळतात.

बाबासाहेबांच्या घरी हेच घडले. जन्म १८९१ चा आणि १८९६ साली आई भीमाबाई गेल्या. आत्या मीराबाईंनी माया दिली, पण त्या शरीराने अधू. वडील रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार. साताऱ्याच्या घरात भीमराव, त्यांचा थोरला भाऊ आणि वारलेल्या थोरल्या बहिणीचे दोन मुलगे. चौघे मिळून स्वयंपाक शिकले. पीठ मळणे जमेना, म्हणून भात आणि मटण एकत्र शिजवून खायचे.

१९०१ च्या सुमारास ही मुले वडिलांकडे जायला मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची! रात्र झाली. डबा जवळ होता, पण पाणी कोणी देईना, म्हणून उपाशीच राहिले. त्या परक्या रानात थोरला भाऊ म्हणाला, चौघांनी एकदम झोपायचे नाही. दोघांनी झोपायचे, दोघांनी जागायचे. बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत हे लिहून ठेवले आहे.

बंधूंनो, भावंडांचा आधार म्हणजे हाच. दुःख चौघांचे, पण पहारा पाळीपाळीने. आपल्याकडे मात्र काय होते? आई गेली की थोरल्या पोरीच्या हातात लाटणे देतो आणि म्हणतो, “आता तूच यांची आई.” अहो, तीही बारा-तेरा वर्षांचीच असते. तिचीही आई गेलेली असते. ती रडायची कधी? सगळी रात्र तिनेच जागायची काय?

आणि थोरल्याच्या त्यागाला किंमत असते. घरची ओढाताण म्हणून आनंदरावांची शाळा सुटली, ते रेल्वेच्या कारखान्यात कामाला लागले आणि धाकट्या भीमरावांचे शिक्षण चालू राहिले. लग्न झालेल्या बहिणींनी पुस्तकांसाठी रामजींना पैसे दिले, प्रसंगी गहाण ठेवायला दागिना दिला. १९२७ साली आनंदराव वारले, तेव्हा वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद यांना बाबासाहेबांनी आपल्याच घरात सांभाळले. पाळी आली तेव्हा तेही जागे राहिले.

आनंदरावांचा आपण गौरव करू. पण आज कोणाची शाळा सुटता कामा नये. शासनाची बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील गेलेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत तीतून मदत मिळू शकते. २०२३ साली ती दरमहा २२५० रुपये झाली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावा लागतो. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचा दाखला गोळा करताना घर दमून जाते. तेव्हा शिकलेल्या तरुणांनी कागद घेऊन सोबत जावे.

नातेवाइकांनाही विनंती आहे. एक मामाकडे, एक काकाकडे अशी पोरांची वाटणी करू नका. आई गेली, निदान भावंडे तरी एका छपराखाली राहू द्या. तशी वेळच आली, तर दर रविवारी त्यांची भेट घडवा. त्यांच्यापुढे गेलेल्या माणसाचे नाव काढायला भिऊ नका. धाकट्याला आईचा चेहरा आठवत नसतो, थोरलीला आठवतो. तिला सांगू द्या, त्याला ऐकू द्या.

आणि मुलांनो, तुमच्यातला थोरला दमला की म्हणा, “दादा, आता तू झोप, मी जागतो.” तुम्ही चौघेही दमलात, तर मग जागायची पाळी आमची, या वस्तीची.

जयभीम! नमो बुद्धाय!