कडीची गिनी



 नाणेप्रेमींच्या मेळाव्यात अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. शिवराई होनावर सकाळी उत्तम चर्चा झाली, आंग्र्यांच्या अलिबागी रुपयावर उद्या निबंध वाचले जातील. त्यात मी भर घालत नाही. मला कित्येक वर्षं मनात साठलेलं एकच बोलायचं आहे, आणि ते कडीच्या गिनीबद्दल.

१८९९ साली इंग्रजी सॉव्हरिन, म्हणजे आपली गिनी, पंधरा रुपयांच्या भावाने हिंदुस्थानात कायदेशीर चलन झाली. बाजारात ती फिरली कमी, घरात साठली जास्त. बोटीवरच्या खलाशाने, चार पैसे गाठीला बांधलेल्या कोळणीने ती सोनाराकडे नेली, वरच्या काठाला कडी डागून घेतली आणि पुतळ्यांच्या शेजारी माळेत ओवली. अशा गिनीला आपण ‘खराब’ म्हणतो. लिलावाच्या यादीत तिला जागा नाही, प्रदर्शनात तिला काच नाही. का?

कडीमुळे वजन लागत नाही, म्हणून पारख होत नाही, असं आपले काही विद्वान सांगतात. मी आयुष्यभर या माळा हातात घेतल्या आहेत. ७.९८ ग्रॅमचा हिशेब कडीने बिघडतो, हे खरं. पण हवेतलं आणि पाण्यातलं वजन घेतलं की हलक्या कसाचं सोनं लपत नाही. बावीस कॅरटातली नक्कल काठाच्या दात्यांवरून कळते. भिंग धरायची तयारी मात्र हवी.

दुसरा वाद मुंबईच्या गिनीचा. पहिल्या महायुद्धात समुद्रातून सोनं नेणं-आणणं जोखमीचं झालं, तेव्हा मुंबईच्या टांकसाळीत लंडनच्या रॉयल मिंटची शाखा उघडली. १९१८ चं साल घातलेल्या जवळजवळ तेरा लाख गिन्या तिथे पाडल्या गेल्या, आणि १९१९ मध्ये शाखा बंदही झाली. हे नाणं आपल्या खेड्यांत पोचलंच नाही, असं याच व्यासपीठावरून ठासून सांगितलं गेलं आहे. अलिबागजवळच्या थळच्या एका आजींनी पेटीतून माळ काढून माझ्यासमोर ठेवली होती. व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज. राजांची नाकं अंगाला घासून सपाट झालेली. एक गिनी उलटी केली. वर कडी, मध्ये सेंट जॉर्जचा घोडा, आणि तळाशी सालाच्या डोक्यावर, जमिनीच्या पट्टीत, मुंबईचं बारीक ‘आय’. कडी वरच्या काठाला असते आणि खूण खाली. झाकलं काहीच जात नाही. “सासूबाईंनी लग्नात घातली,” आजी म्हणाल्या. माझ्यापुरता वाद तिथेच मिटला.

पुढे त्या आजींच्या घरात नातीचं लग्न निघालं आणि माळ विकायची ठरली. ती मी एका मोठ्या संग्राहकाकडे पाठवली. त्यांनी कडी पाहिली आणि हात लावला नाही. सोनाराने मोड म्हणून तोलली, घट कापली, मुशीत घातली. पाटल्या झाल्या. त्या घराला मी दोष देत नाही, सोनारालाही नाही. आपण सोन्याच्या भावावर एक पैसा वर द्यायला तयार नसू, तर लोकांनी नाणी जपावीत कशासाठी? कोरी करकरीत गिनी लंडनलाही मिळते. थळच्या गळ्यातली गिनी थळलाच मिळते.

तेव्हा कामाचं बोलतो. कडीच्या नाण्यांची नोंदवही करू या: दोन्ही बाजूंचे फोटो, कडीसह वजन, गाव, घरात कुठून आलं. मालकाचं नाव गुप्त ठेवावं, नाहीतर कोणी पेटी उघडणार नाही. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन इथून सुरुवात व्हावी. बाकी तपशील कार्यकारिणीने ठरवावा. आणि पुढच्या लिलावाच्या यादीत कडीच्या नाण्यांचा स्वतंत्र विभाग असावा, असा ठराव मी अध्यक्ष या नात्याने आत्ताच मांडतो. अनुमोदनासाठी हात वर करा.