स्वमग्न मूल आणि गावाचे दायित्व



हाक मारली असता वळून न पाहणारे, हवी ती वस्तू बोटाने न दाखविणारे, खेळगाडीचे एकच चाक तासन्‌तास फिरवीत बसणारे मूल दिसले की, आईने त्याला वळण लावले नाही, असा शेरा मारला जातो. हा शेरा त्या माऊलीवर अन्याय करणारा आहे.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेतील अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर कित्येक वर्षे तज्ज्ञदेखील आईच्या कोरड्या वागणुकीस दोष देत राहिले. स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली हे मत खोडून काढले. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता होय. संगोपनातील उणिवेमुळे अथवा लसीमुळे ती उद्भवत नाही.

अशा मुलाचे संगोपन धीराचे काम आहे. दिनक्रम ठराविक असावा, सूचना थोडक्या शब्दांत द्यावी आणि पुढे काय करावयाचे ते चित्राने दाखवावे. बँडच्या आवाजाने ते कान झाकून किंचाळते, तो त्याचा हट्ट नसतो. तो आवाज त्याला खरोखरच असह्य होतो. शिक्षकांनी त्यास गोंगाटापासून दूर जागा आणि एक समंजस सोबती दिला, तर वर्गात बसणे त्याला सुकर होते.

लक्षणे पहिल्या दोन-तीन वर्षांतच दिसू लागतात. ‘मोठेपणी बोलेल’ म्हणून वाट पाहण्यात मोलाचा काळ वाया जातो. अंगणवाडी सेविकेने शंका येताच श्रवणचाचणी व तज्ज्ञांकडून तपासणी होईल असे पाहावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असून, लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या बालकास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्रासाठी कुटुंबाला हेलपाटे पडू नयेत, ही दक्षता पंचायतीने घ्यावी.

‘आमच्या पश्चात याचे कसे होणार?’ हा प्रश्न प्रत्येक आईबापाला रात्री जागवितो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये, जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असलेली स्थानिक समिती अशा व्यक्तीसाठी पालक नेमू शकते. ही माहिती त्या घरापर्यंत पोहोचविणे हे शासनयंत्रणेचे कर्तव्य आहे. लग्नकार्याचे व जत्रेचे आमंत्रण त्या मुलासह देणे, हे मात्र गावाच्याच हाती आहे.