काळ्या मातीतून मॅटवर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२४ च्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार-रविवार माझा कबड्डीतच गेला. तसे माझे बरेच शनिवार-रविवार तिच्यातच गेलेत. अकोल्यात मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. निवृत्त झालो तरी पोरं घरी येतात. या वेळी एका पोरासोबत त्याचे वडील आले होते. तेही माझेच विद्यार्थी. मूर्तिजापूर तालुक्यात शेती करतात. पोरगा बारावीला, सायन्सला.

बसल्या बसल्या वडील म्हणाले, "सर, याले तुमीच सांगा काही. बारावीची परीक्षा देत नाही म्हणते. हरियाणात जातो म्हणते कबड्डी शिकाले. टीव्हीवर कोटीचे आकडे पायते अन् रातभर जागते."

पोरगा खाली मान घालून बसला होता. मी त्याला गावच्या सामन्यांत पाहिलेला. चपळ, डाव्या कोपऱ्यातून आत शिरणारा, वजन बासष्ट किलो. नाही म्हणावं तर गुण दिसतो आणि हो म्हणावं तर बापाच्या डोळ्यांत पाहवत नाही. मी म्हटलं, शनिवारी अमरावतीला चला. रविवारी माझ्याकडे प्रो कबड्डीची फायनल पाहू. मग बोलू.

मी अकोल्याहून गाडीत बसलो, ते दोघे मूर्तिजापूरला चढले. बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर तूर आणि वेचणीला आलेला कापूस. ही काळी माती कपाशीला चांगली, कबड्डीला नाही. पावसाळ्यात पायाला चिकटते, उन्हाळ्यात भेगा पडतात. म्हणून आमच्याकडचे सामने दिवाळी ते होळी, तेही मुरूम-लाल माती टाकून, पाणी मारून, चोपून तयार केलेल्या मैदानावर. वर्षातले चार महिने खेळणारं पोरगं बारा महिने मॅटवर खेळणाऱ्याशी स्पर्धा करतं, ही गोष्ट टीव्हीवर दिसत नाही.

अमरावतीत त्यांना आधी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा परिसर दाखवला. वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंतराव यांनी, १९१४ मध्ये लावलेलं हे झाड. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्तानं मंडळाचं पथक सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली जर्मनीला गेलं आणि तिथं आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं. त्यात कबड्डीही होती. कबड्डी तेव्हा ऑलिम्पिकमध्ये होती असं पुष्कळदा छापून येतं. ते तसं नाही. ऑलिम्पिकच्या अधिकृत कार्यक्रमात ती नव्हती. पण आगगाडी आणि बोटीच्या काळात वऱ्हाडातली माणसं आपला खेळ एवढ्या लांब घेऊन गेली, त्याचं मोल त्यानं कमी होत नाही. प्रो कबड्डी सुरू झाली ती २०१४ मध्ये, मंडळाच्या शंभराव्या वर्षी. हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.

दुपारी एका जुन्या मित्राच्या ओळखीनं पोराला मॅटवर उतरवलं. आयुष्यात पहिल्यांदा. मॅटवर बूट लागतात. त्याच्याकडे नव्हते. कुणाचे तरी मागून घातले, ते अर्धा इंच मोठे. पहिल्या चढाईत बोनस रेषेकडे गेला आणि वळताना पाय जागीच अडकला. मातीत टाच थोडी सरकते, मॅट सरकू देत नाही. दुसऱ्या चढाईत घोटा धरला गेला. तिसऱ्या वेळी तीस सेकंद संपले तरी हा अजून अंदाजच घेत होता. वडील भिंतीला टेकून गप्प उभे. सहाव्या-सातव्या चढाईला मात्र पोरानं कोपरारक्षकाला हूल देऊन गुण आणला. समोरच्या पोरांनीच टाळ्या वाजवल्या. परतताना गाडीत कुणीच फारसं बोललं नाही.

रविवारी ते दोघे अकोल्यात माझ्या घरी आले. पुण्याच्या बालेवाडीत हरियाणा स्टीलर्स आणि पाटणा पायरेट्स यांची फायनल. हरियाणानं ३२-२३ असा सामना जिंकून पहिलं विजेतेपद मिळवलं. आपल्या महाराष्ट्राचा शिवम पटारे हरियाणाकडून नऊ गुण घेऊन गेला, तेव्हा पोरगा खुर्चीवरून उठलाच. वडीलही हसले. इराणचा मोहम्मदरेझा शादलू आदल्या मोसमात पुणेरी पलटणकडून विजेता होता, या वेळी हरियाणाकडून. दोन कोटी सात लाखांचा खेळाडू.

तो आकडा ऐकून मी टीव्हीचा आवाज बंद केला. पोराला म्हटलं, आता हिशेब ऐक. या मोसमासाठी ऑगस्टमध्ये मुंबईत लिलाव झाला, यादीत पाचशेहून जास्त नावं होती. विकले गेले ११८. कोटीच्या वर गेले आठ. सगळ्यात खालच्या गटाची मूळ किंमत नऊ लाख. नऊ लाख काही थोडे नाहीत, पण दर वर्षी मिळतीलच असं नाही, आणि गुडघा एकदा गेला की विचारणारं कुणी नाही. आमच्या वेळी लीग नव्हती, पण रेल्वे, पोलीस, बँका यांचे संघ होते. खेळाडू म्हणून चिकटला की पेन्शनपर्यंत निश्चिंत. सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण आजही आहे, पण तिथंही बारावी, पदवीची गुणपत्रिका मागतातच.

"ऑलिम्पिकमध्ये आली तर, सर?" त्यानं विचारलं. चांगला प्रश्न होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची बैठक आपल्या मुंबईतच झाली. तिथं २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी पाच खेळ घेतले. क्रिकेट त्यातलं एक. दुसरा लॅक्रोस, उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा, टोकाला जाळी लावलेल्या काठीनं चेंडू झेलायचा-फेकायचा. पदकांचा खेळ म्हणून तो १९०८ नंतर थेट २०२८ ला येतोय, एकशेवीस वर्षांनी. कबड्डी एशियाडमध्ये १९९० पासून आहे, ऑलिम्पिकच्या दाराशी अजून पोचलेली नाही. मी त्याला खरं तेच सांगितलं: येईलही, पण तुझ्या वयात बसेल असं धरून चालू नको.

मग मी बापाकडे वळलो. त्यांनाही सांगायचं होतंच. म्हटलं, पोरात गुण आहे, दाबू नका. आपला विदर्भ राष्ट्रीय स्पर्धेत वेगळा संघ म्हणून उतरतो. त्या संघात जागा मिळवणं ही पहिली पायरी. हरियाणा पळून जात नाही. त्यानं बारावी द्यावी, मार्चनंतर अमरावतीत शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयात चौकशी करू. वर्षभर मॅट मिळेल, सोबत पदवीही होईल. त्यानंतर त्याला हरियाणाला जायचं असेल तर मीच गाडीत बसवून देईन.

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "परीक्षा देतो. पण सकाळचा सराव सोडत नाही."

वडिलांनी मान हलवली. उठताना दारापाशी थांबले, खिशातला मोबाइल काढला, परत ठेवला. "सर," ते म्हणाले, "ते मॅटवरचे बूट कितीले भेटतेत? याच्या मापाचे."