‘अराजकीय’ गाण्याचे राजकारण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात गाण्याच्या एका स्पर्धेवर बोलण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कुणाच्या मनात आली तर ती गैर म्हणता येणार नाही. युरोपातील गायक वर्षातून एकदा एका रंगमंचावर येतात, तीन-तीन मिनिटांची गाणी म्हणतात, त्यांतला एक जण चषक घेऊन घरी जातो. यात समाजवाद्याने लक्ष घालावे असे काय आहे? परंतु ज्या स्पर्धेतून एका महिन्यात पाच देश बाहेर पडतात, जिच्यातील सहभागाविषयी जर्मनीच्या चॅन्सेलरला जाहीर मत द्यावेसे वाटते आणि जिच्या चाहत्यांत उभी फूट पडते, ती स्पर्धा निव्वळ करमणूक राहिलेली नाही. किंबहुना ती तशी कधीच नव्हती.

‘युरोव्हिजन’ स्पर्धा १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सात देशांनिशी सुरू झाली. ती भरवणारी संस्था म्हणजे युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन, अर्थात सार्वजनिक नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थांचा संघ. हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. स्पर्धेत गाणे पाठवते ते सरकार नव्हे, आणि कुणी खाजगी कंपनीही सहसा नव्हे. त्या त्या देशाची प्रसारण संस्था पाठवते. यांतील बहुतेक संस्था करावर किंवा परवाना-शुल्कावर चालतात. एके काळी आपल्याकडे पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना काढावा लागे, तसाच काहीसा हा प्रकार. म्हणजे ही मालमत्ता जनतेची आहे आणि तिच्या कारभाराचा जाब विचारण्याचा हक्कही जनतेला आहे. या संघाचे ब्रीद असे की स्पर्धा अराजकीय आहे. राजकीय स्वरूपाचे शब्द, भाषणे, हावभाव तिथे वर्ज्य आहेत. सत्तर वर्षांचा हिशेब मांडला तर असे दिसते की हा नियम गाण्याला कसोशीने लावला गेला. ज्या खुर्च्यांवर राज्यसंस्थांचे प्रतिनिधी बसतात त्यांना मात्र तो लागला नाही, आणि लागला तेव्हा सोयीने लागला.

१९६४ साली स्पर्धा कोपनहेगनला होती. कार्यक्रम ऐन रंगात असताना एक तरुण फलक घेऊन थेट रंगमंचावर चढला. फ्रँको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार घाला, असे त्या फलकावर लिहिले होते. तरुणाला अर्थातच बाहेर काढण्यात आले. फ्रँकोच्या स्पेनची व सालाझारच्या पोर्तुगालची प्रसारण संस्था जागच्या जागी राहिली. पोर्तुगालचा तर स्पर्धेतील तो पहिलाच प्रवेश होता. सालाझार हे नाव महाराष्ट्रातील समाजवाद्यांना परके नाही. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात ना. ग. गोरे, मधु लिमये यांच्यासारख्यांनी त्याच राजवटीचा तुरुंग आतून पाहिला होता. १९६१ च्या डिसेंबरात गोवा सुटला. खुद्द पोर्तुगीज जनतेला सुटायला आणखी तेरा वर्षे लागायची होती. अशा राजवटीच्या नभोवाणीला अराजकीय मानणारा संघ एका फलकाला मात्र राजकीय मानतो. या दुटप्पीपणाचा प्रारंभ फार जुना आहे तो असा.

स्पेनचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९६८ साली स्पेनतर्फे जोआन मानुएल सेर्रात हा गायक जायचा होता. आपण कॅटलान भाषेत गाणार, असा आग्रह त्याने धरला. फ्रँकोच्या राज्यात ती भाषा दडपलेली होती. सेर्रातला वगळून मास्सिएल या गायिकेला पाठवण्यात आले. तिने लंडनमध्ये स्पॅनिशमधून गाणे म्हटले आणि क्लिफ रिचर्डला अवघ्या एका गुणाने मागे टाकून स्पर्धा जिंकली. हा विजय विकत घेतलेला होता असा आरोप पुढे कित्येक वर्षांनी झाला, पण तो सिद्ध झालेला नाही आणि त्यावर विसंबण्याची गरजही नाही. एखाद्या गायकाची मातृभाषा रंगमंचाबाहेर ठेवली गेली, आणि अराजकीयतेच्या रखवालदारांना त्यात राजकारण दिसले नाही, एवढे पुरेसे आहे.

इतिहासाला मात्र विनोदबुद्धी असते. एप्रिल १९७४ मध्ये इंग्लंडातील ब्रायटन येथे ‘आबा’ या स्वीडिश चमूने स्पर्धा जिंकली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच रात्री पोर्तुगालच्या पाउलो दि कार्व्हालो याने एक साधे विरहगीत म्हटले. त्याला तीन गुण मिळाले व ते इतर तिघांसह शेवटच्या क्रमांकावर राहिले. अडीच आठवड्यांनंतर, २४ एप्रिलच्या रात्री अकराला पाच मिनिटे असताना, लिस्बनच्या एका नभोवाणी केंद्रावरून तेच गीत वाजले. हुकूमशाही उलथवण्यास सज्ज झालेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांना तो पहिला संकेत होता. मध्यरात्रीनंतर जोझे आफोन्सो यांचे गीत लागले, तो दुसरा. आणि दुसऱ्या दिवशी सैनिकांच्या बंदुकांत लाल फुले खोचली गेली. पहिल्या संकेतासाठी हे विरहगीतच का निवडले? ते निरुपद्रवी होते, नुकतेच गाजलेले होते, आणि नभोवाणीवर वाजले तर कुणाच्या भुवया उंचावणार नव्हत्या, म्हणून! युरोव्हिजनच्या नियमांत चपखल बसणाऱ्या अराजकीय गाण्याने युरोपातील सर्वांत जुन्या हुकूमशाहीची अखेर पुकारली. त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

आबाच्या विजयामुळे पुढल्या वर्षी स्पर्धा स्टॉकहोमला आली. तेथील डाव्या विचारांच्या संगीतकारांनी व श्रोत्यांनी एक वेगळाच प्रश्न उभा केला. सार्वजनिक पैशातून सार्वजनिक नभोवाणीने ध्वनिमुद्रिका-कंपन्यांच्या मालाची जाहिरात का करावी? लोकांचे स्वतःचे गाणे, कामगारांचे, गावोगावचे, ते कुठे आहे? त्यांनी निषेध-मोर्चे काढले आणि स्पर्धेच्या आठवड्यात पर्यायी संगीत महोत्सव भरवला. वाढता खर्चही होताच. परिणाम असा की १९७६ च्या स्पर्धेत स्वीडन उतरलेच नाही. आज स्वीडनच्या नावावर सात विजय आहेत आणि धंदेवाईक गीतनिर्मितीत त्या देशाचा हात धरणारे थोडे, ही गोष्ट निराळी. चळवळी हरतात, पण त्यांनी विचारलेले प्रश्न शिल्लक राहतात. संगीताची मालकी कुणाची, हा स्टॉकहोमचा प्रश्न पन्नास वर्षांनी ‘मताची मालकी कुणाची’ या रूपात परत आला आहे.

प्रारंभीची चार दशके निकाल परीक्षक मंडळेच देत. १९९७-९८ च्या सुमारास प्रेक्षकांना दूरध्वनीवरून मत देण्याची मुभा मिळाली आणि चाहता हा या व्यवहारातील एक पक्ष झाला. ही लोकशाही मानावी काय? २००९ साली मॉस्कोतील स्पर्धेत अझरबैजानमधील ४३ प्रेक्षकांनी आर्मेनियाच्या गाण्याला मत दिले. नागोर्नो-काराबाखवरून या दोन देशांचे हाडवैर. गाणे आवडले म्हणून दूरध्वनी करणाऱ्या या माणसांपैकी काहींना राष्ट्रीय सुरक्षा मंत्रालयात बोलावून जाब विचारण्यात आला. मताची गुप्तता राखणे ही संघाची जबाबदारी होती. पुढे संघाने नियम कडक केले; पण दोनच वर्षांत अझरबैजान जिंकला आणि २०१२ ची स्पर्धा थाटामाटाने बाकूमध्ये भरली. तिच्यासाठी उभारलेल्या सभागृहाच्या परिसरातून लोकांची घरे पाडण्यात आली, तेव्हा मानवी हक्कवाल्यांनी आवाज उठवला. त्या वर्षीची विजेती, स्वीडनची लोरीन, आवर्जून त्या कार्यकर्त्यांना भेटली. अराजकीय स्पर्धेतील हे तिचे वर्तन राजकीय ठरले. घरे पाडणे ठरले नाही.

आता वर्तमानाकडे वळावे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. पहिल्या दिवशी संघाची भूमिका होती की स्पर्धा अराजकीय आहे, रशिया भाग घेऊ शकेल. अनेक देशांच्या प्रसारण संस्थांनी विरोध करताच दुसऱ्या दिवशी रशियाला वगळण्यात आले. कारण दिले ते असे की त्याच्या सहभागाने स्पर्धेची अप्रतिष्ठा होईल. निर्णय योग्यच होता. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली: युद्ध करणाऱ्या राज्याच्या संस्थेला बाहेर ठेवणे शक्य आहे आणि त्याला एक दिवस पुरतो.

मग गाझातील सर्वनाश चालू असताना इस्रायलला वेगळा न्याय का, असा सवाल २०२४ पासून चाहते विचारू लागले. त्या वर्षी माल्मोच्या रस्त्यांवर हजारोंचे मोर्चे निघाले. आत सभागृहात संघ काय करीत होता? इस्रायलच्या गीताचे शीर्षक व शब्द राजकीय वाटले म्हणून बदलून घेत होता, आणि आयर्लंडच्या स्पर्धकाने प्राचीन ओघम लिपीत अंगावर रंगवलेला ‘युद्धविराम’ हा शब्द पुसायला लावीत होता. दीड हजार वर्षांपूर्वीची लिपी वाचून तिच्यातले राजकारण शोधणाऱ्या नजरेला सहभागी राज्य दिसू नये, हे कौतुकास्पदच म्हणायचे!

चाहत्यांतील दुसऱ्या बाजूचे म्हणणे टवाळीवारी नेण्यासारखे नाही. ते म्हणतात, गायिका म्हणजे सरकार नव्हे. २०२५ मध्ये इस्रायलतर्फे गाणारी युवाल राफाएल ही तर ७ ऑक्टोबर २०२३ च्या हत्याकांडातून वाचलेली तरुणी. तिच्याकडे पाहून शिट्ट्या मारणे ही माणुसकी काय? हे खरे आहे, आणि एखाद्या मुलीवर आरडाओरडा करणाऱ्यांनी आपल्याच पक्षाची हानी केली. इस्रायलची ‘कान’ ही वाहिनी सरकारची बटीक नाही. तेथील सरकारच ती खाजगी हाती देऊ पाहते, हाही मुद्दा वजनदार आहे. आणखी एक वर्ग आहे. समलिंगी व तृतीयपंथी प्रेक्षकांना ही स्पर्धा म्हणजे वर्षातून एकदा उघडणारे हक्काचे घर वाटते. १९९८ साली इस्रायलच्याच डाना इंटरनॅशनल या पारलिंगी गायिकेने चषक जिंकला तेव्हापासून तो जिव्हाळा वाढला. घर मोडू नका, एवढीच त्यांची विनवणी आहे. पण डाना हिच्या विजयाला धर्ममार्तंडांनी विरोध केला तेव्हा रंगमंचावर उभे राहणे हेच राजकारण झाले होते, आणि ते या वर्गाने अभिमानाने केले. आपल्या मुक्तीचे राजकारण चालते आणि दुसऱ्याच्या जिवाचे चालत नाही, हे तर्कशास्त्र टिकणारे नाही.

२०२५ च्या बाझेल येथील निकालाने वाद पराकोटीला गेला. परीक्षकांनी इस्रायलला ६० गुण दिले, प्रेक्षकांनी २९७. एकूण ३५७ गुणांनी इस्रायल दुसरा आला, ऑस्ट्रिया ४३६ गुणांनी पहिला. स्पेनसह काही देशांच्या संस्थांनी मतांच्या तपासणीची मागणी केली, संघाने मोजणी चोख असल्याचे सांगितले. मोजणी चोख असेलही. प्रश्न मोजणीचा नव्हताच. नियमानुसार एका प्रेक्षकाला पैसे मोजून वीस मते देता येत होती, आणि इस्रायली सरकारच्या जाहिरात-संस्थेने आपल्या गायिकेला मत द्या म्हणून परदेशांत जाहिराती केल्या होत्या. एक माणूस, वीस मते, प्रत्येक मताला दाम! जिथे मताधिकार खिशावर मोजला जातो तिथे मत चोरावे लागत नाही. ज्या चाहत्याने एकच मत दिले, त्याच्या आवडीचे मोल संघटित मोहिमेपुढे विसाव्या हिश्श्याचे झाले. तो चाहता इस्रायलच्या बाजूचा असो वा विरोधी. याच स्पर्धेत सर्वाधिक वर्गणी देणाऱ्या पाच देशांना, म्हणजे ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली व स्पेन यांना, अंतिम फेरीत थेट जागा असते, हेही इथेच नमूद करावे. गुणांच्या फलकाखाली पैशाचा फलक आहे तो असा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये संघाने नियम बदलले. विसाची दहा मते झाली, सरकारी पाठबळाच्या प्रचारास अटकाव करण्याचे ठरले. दहा म्हणजे निम्मा अन्याय. अन्याय तो राहिलाच. ४ डिसेंबरला जिनिव्हातील सभेत सभासदांनी हे नियम बहुमताने मान्य केले आणि त्याबरोबरच इस्रायलच्या सहभागावर वेगळे मतदान घेण्याची गरज नाही असेही ठरले. सहभागाचा प्रश्न मतास टाकलाच गेला नाही. इस्रायलला वगळल्यास जर्मनीने भाग घेऊ नये, असे मत चॅन्सेलर मेर्त्स यांनी दोन महिने आधीच दिले होते. राजकारण नको म्हणणाऱ्या संघाने त्याला राजकारण म्हटल्याचे ऐकिवात नाही. स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स व स्लोव्हेनिया यांच्या संस्थांनी त्याच दिवशी २०२६ च्या व्हिएन्ना येथील स्पर्धेतून माघार जाहीर केली, आठवडाभरात आइसलँडने. ठळक वर्गणीदारांपैकी एक असूनही स्पेन बाहेर पडला, याचे महत्त्व कमी लेखू नये. या संस्थांवर त्यांच्या देशांतील प्रेक्षकांचे, कर्मचाऱ्यांचे, कलावंतांचे अनेक महिने दडपण होते. जिनिव्हाच्या सभागृहात ज्याला खुर्ची नव्हती तो चाहता त्यांच्या द्वारे बोलला.

त्यानंतर काही दिवसांतच २०२४ चे विजेते, स्वित्झर्लंडचे नेमो, यांनी आपला चषक संघाच्या जिनिव्हातील कचेरीकडे परत पाठवीत असल्याचे जाहीर केले. १९९४ चे आयरिश विजेते चार्ली मॅक्गेटिगन यांनीही तीच इच्छा व्यक्त केली.